मूळ कृती आणि तिचे भाष्य : 'इव्हँजेलियन'चे चार चित्रपट

एकदा पूर्ण झालेली आणि रसिकांनी डोक्यावर घेतलेली कृती तिच्या कर्त्यानेच पुन्हा हाती घेतली, तर या दुसऱ्या कृतीला कोणत्या निकषावर मोजायचे? सुधारित आवृत्त्या, पाठभेद आणि प्रक्षेप यांच्याशी सतत संबंध येणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. मात्र त्याचे अलीकडचे एक विलक्षण उदाहरण ग्रंथव्यवहारात नाही, जपानी ॲनिमेच्या इतिहासात सापडते. हिदेआकी आन्नो यांची 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही २६ भागांची मालिका १९९५-९६मध्ये प्रसारित झाली. पुढे २००७ ते २०२१ या चौदा वर्षांत त्यांनी त्याच कथेवर चार चित्रपट केले. हे चित्रपट मालिकेच्या तोडीचे आहेत का, हा वाद रसिकांत अजून मिटलेला नाही. तो मिटत नाही याचे कारण, माझ्या मते, प्रश्नाच्या मांडणीतच आहे.

मालिकेचा काळ आधी ध्यानात घ्यावा लागतो. जानेवारी १९९५मध्ये कोबेचा भूकंप झाला, मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो या पंथाने विषारी वायू सोडला. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला 'टीव्ही टोकियो'वर संध्याकाळी, मुलांच्या वेळेत, ही मालिका सुरू झाली. कथेचा सांगाडा ओळखीचा होता. जगबुडीसारख्या उत्पातातून वाचलेले शहर, त्यावर चालून येणारे अगम्य शत्रू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या महाकाय यंत्रदेहात बसणारी चौदा वर्षांची मुले. परंतु नायक शिंजी हा वीर नाही. वर्षानुवर्षे दूर ठेवणाऱ्या बापाने अचानक बोलावले म्हणून तो आला आहे आणि आपण लढतो ते नेमके कशासाठी, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. या मालिकेपूर्वी आन्नो स्वतः दीर्घकाळ नैराश्यात होते. त्याची सावली उत्तरार्धावर गडद होत जाते. निर्मितीच्या वेळापत्रकाची ओढाताणही होतीच. परिणामी शेवटच्या दोन भागांत युद्ध नाहीसे होते. उरतात त्या रिकाम्या रंगमंचावरच्या खुर्च्या, प्रकाशझोत, पेन्सिलीची रेखाटने आणि स्वतःची उलटतपासणी घेणारा एक मुलगा.

अनेक प्रेक्षक संतापले. आन्नो यांनी जुलै १९९७मध्ये 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' हा चित्रपट काढून बाह्य घटनांचा शेवट दाखवला, पण तो अधिकच कठोर होता. त्यात एका टप्प्यावर चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकांचेच छायाचित्रण पडद्यावर येते. कथेत आश्रय शोधणाऱ्यांपुढे कर्त्याने धरलेला तो आरसा होता. म्हणजे एकाच कथेचे दोन शेवट १९९७मध्येच अस्तित्वात होते. पुनर्निर्मितीचे बीज मूळ कृतीच्या पोटातच होते, असे म्हणावे लागते.

२००६मध्ये आन्नो यांनी 'खारा' ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि काझुया त्सुरुमाकी, मासायुकी यांच्यासह नव्या चित्रपटांचे काम आरंभले. पहिल्या तिन्हींची नावे 'जो', 'हा' आणि 'क्यू' अशी आहेत. दरबारी संगीतातून नोह नाट्यात आलेली ही जपानी लयसंकल्पना आहे : संथ आरंभ, मग भंग, मग द्रुत समाप्ती. हे आराखडे कागदावर जितके नीटस दिसतात तितके प्रत्यक्षात राहिले नाहीत, आणि नेमके तेच अभ्यासण्याजोगे आहे.

सप्टेंबर २००७चा पहिला चित्रपट मालिकेच्या पहिल्या सहा भागांची जवळजवळ प्रामाणिक प्रत आहे. जुनी रेखाटने आधाराला घेऊन तो नव्या तंत्राने उजळला आहे. साऱ्या देशाची वीज एका बाणासाठी एकवटण्याचा, ११८५च्या याशिमा युद्धाचे नाव घेतलेला प्रसंग इथे कितीतरी भव्य झाला आहे. तरीही चौघांत हाच चित्रपट सर्वांत कमी आवश्यक वाटतो. निष्ठा पुरेपूर आहे, पण म्हणायचे असे नवे फारसे नाही.

जून २००९चा दुसरा चित्रपट मुळापासून फारकत घेतो. मालिकेत शत्रूने ग्रासलेल्या तिसऱ्या यंत्रात शिंजीचा मित्र तोजी बसलेला असतो आणि तो गंभीर जखमी होतो. इथे त्या जागी आसुका आहे. मालिकेतला शिंजी रेईला वाचवू शकत नाही. इथे तो जगाचे काय होईल याची पर्वा न करता तिच्यासाठी झेपावतो. प्रेक्षकांनी चौदा वर्षे मनात बाळगलेली इच्छा कर्त्याने पुरी केली. टाळ्याही मिळाल्या.

नोव्हेंबर २०१२मध्ये तिसरा चित्रपट आला आणि त्या टाळ्यांची किंमत कळली. कथेत चौदा वर्षे लोटली आहेत, त्या झेपेनेच जग उद्ध्वस्त झाले आहे आणि रेई वाचलेलीही नाही. शिंजीशी कुणी धड बोलत नाही. दरम्यान मार्च २०११चा भूकंप आणि फुकुशिमाची आपत्ती घडून गेली होती. त्या टंचाईच्या दिवसांत सामान्य लोकांनी 'याशिमा मोहीम' या मालिकेतल्याच नावाने वीज वाचवली होती. वीस महिन्यांनंतर आलेल्या या चित्रपटातले लाल, निर्जन जग त्या संदर्भावाचून पाहता येत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप नोंदवायला हवा. मालिकेच्या चोविसाव्या भागात शिंजीच्या यंत्राच्या मुठीत काओरू हा त्याचा एकमेव सखा आहे आणि त्याला मारायचे की नाही हे शिंजीनेच ठरवायचे आहे. पडद्यावर सुमारे मिनिटभर एकच निश्चल चित्र राहते, मागे बीथोवनची नववी सिंफनी. हालचालीचा खर्च वाचवणारी ती युक्ती असेलही, पण त्या स्थिरतेत निर्णयाचे सारे ओझे साठले आहे. तिसऱ्या चित्रपटात काओरूचा जीव गळ्यातल्या स्फोटक पट्ट्याने जातो. दृश्य अधिक थरारक आहे, परंतु निर्णय शिंजीच्या हातून काढून घेतला आहे. साधनांची समृद्धी आली आणि नैतिक पेच सैल झाला. मालिकेच्या तुलनेत चित्रपट उणे पडतात ते या जागी.

तिसऱ्या चित्रपटानंतर आन्नो पुन्हा नैराश्यात गेले. २०१६च्या 'शिन गोझिला'नंतर ते या कथेकडे वळले आणि करोनाच्या साथीमुळे दोनदा पुढे ढकललेला चौथा चित्रपट ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झाला. जपानमध्ये त्याने एक हजार कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला. त्याच्या शीर्षकाच्या अखेरीस संगीतलिपीतले पुनरावृत्तीचे चिन्ह आहे. अडीच तासांहून मोठ्या या चित्रपटाचा पहिला मोठा भाग एका खेड्यात घडतो. शिंजी गप्प आहे. रेईची प्रतिकृती असलेली मुलगी बायकांबरोबर भाताची लावणी करते, साधे अभिवादनाचे शब्द शिकते. आणि गावचा डॉक्टर आहे तोजी. २००९मध्ये पात्रांची जी अदलाबदल केवळ धक्कातंत्र वाटली होती, तिला बारा वर्षांनी असे फळ धरले. मित्र अठ्ठावीस वर्षांचे, संसारी झाले आहेत. शिंजी मात्र चौदाचाच आहे. मालिका पाहिली तेव्हा चौदा वर्षांचे असलेले प्रेक्षक आता चाळिशीला टेकले होते, हे लक्षात घेतले की या रचनेचा रोख समजतो.

उत्तरार्धात बापलेकांचे युद्ध चक्क चित्रीकरणाच्या सेटवर होते. मागचे आकाश रंगवलेला पडदा निघते. १९९६मध्ये शिंजीची उलटतपासणी झाली होती, तशी इथे बापाची होते, आणि मालिकेने जे कधी दिले नव्हते ते मिळते : या निष्ठुर माणसाच्या एकाकीपणाची त्याच्याच तोंडची कबुली. त्यानंतर शिंजी एकेका पात्राचा निरोप घेतो. शेवटचे दृश्य आन्नो यांच्या जन्मगावच्या, उबेमधल्या रेल्वे स्थानकाचे आहे. तेथे रेखाटलेली माणसे खऱ्या जगाच्या चित्रणात मिसळून जातात. १९९७मध्ये खऱ्या जगाचे चित्रण प्रेक्षकाला हिणवण्यासाठी आले होते. इथे ते त्याला हात धरून बाहेर नेते.

म्हणूनच सरस की उणे हा निकष अपुरा ठरतो. 'ज्ञानेश्वरी' वाचताना ती गीतेहून थोर की कमी, असे आपण विचारत नाही. तिने गीतेचे काय केले, हे विचारतो. हे चार चित्रपट पर्यायी संहिता म्हणून तोकडे आहेत. मालिका न पाहता केवळ त्यांच्यावर भागवणाऱ्याला निरोपाचे प्रसंग कळतील, पण ज्यांचा निरोप घ्यायचा ती माणसे पुरती भेटलेली नसतील. भाष्य म्हणून मात्र त्यांची योग्यता मोठी आहे. पस्तिशीतल्या कर्त्याने जो प्रश्न उघडा टाकला, त्याला साठीत पोचलेल्या त्याच कर्त्याने दिलेले ते उत्तर आहे. ते उत्तर मान्य करणे प्रेक्षकावर बंधनकारक नाही. १९९६चा तो अपुरा, ओबडधोबड, खुर्च्या मांडलेला रंगमंच अजून तिथेच आहे आणि पुनरावृत्तीचे चिन्ह वाचणाऱ्याला परत तिकडेच पाठवते.