मिटलेले दार आणि मांडलेला पाहुणचार : सॉल्ट लेक सिटीच्या टेंपल स्क्वेअरचा इतिहास

अमेरिकेच्या युटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीत रस्त्यांची मोजणी ज्या कोपऱ्यापासून सुरू होते, त्या कोपऱ्यालाच लागून टेंपल स्क्वेअर हे सुमारे दहा एकरांचे आवार आहे. मॉर्मन पंथाचे सर्वांत प्रसिद्ध मंदिर याच आवारात उभे असून ते पाहण्यासाठी दरवर्षी लाखो पर्यटक येथे येतात. परंतु या मंदिरात पंथाबाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, आणि पंथातल्या माणसालाही स्थानिक धर्माधिकाऱ्यांनी मुलाखत घेऊन दिलेले प्रवेशपत्र दाखवल्यावाचून उंबरठा ओलांडता येत नाही. जुन्या धर्मवास्तू पर्यटनस्थळे होतात तेव्हा त्यांची दारे सहसा हळूहळू सर्वांसाठी उघडत जातात. येथे मुख्य दार मिटलेलेच राहिले आणि त्याच्याभोवती पाहुण्यांसाठी एक संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. ही व्यवस्था एखाद्या योजनेतून एकाएकी निर्माण झालेली नसून, छळातून पळून आलेल्या एका समाजाने बाहेरच्या जगाच्या कुतूहलाला दिलेले ते उत्तर होते, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे अधिकृत नाव असलेला हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथावरून त्याच्या अनुयायांना मॉर्मन म्हटले जाऊ लागले. नवा धर्मग्रंथ, अनुयायांची घट्ट एकजूट आणि तिच्यामुळे शेजाऱ्यांना वाटणारी राजकीय भीती यांमुळे या समाजाला ओहायो, मिझुरी आणि इलिनॉय या राज्यांतून एकामागून एक बाहेर पडावे लागले. इलिनॉयमध्ये तर २७ जून १८४४ रोजी जमावाने कार्थेजच्या तुरुंगात शिरून स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडे निघालेली पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराजवळच्या खोऱ्यात पोहोचली. हा प्रदेश तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होता आणि शोशोनी, यूट, गोशूट या मूलनिवासी जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होत्या. यंग यांनी खोऱ्यात आल्यावर चारच दिवसांनी, २८ जुलै रोजी, मंदिराची जागा निश्चित केली आणि त्या जागेभोवती नगराची आखणी झाली.

मंदिराच्या बांधकामाला चाळीस वर्षे लागली. ६ एप्रिल १८५३ रोजी कोनशिला बसली. परंतु १८५७ मध्ये संघराज्य सरकारचे सैन्य युटाकडे निघाल्याची बातमी आल्यावर मॉर्मनांनी पाया मातीखाली गाडून टाकला. संकट टळल्यावर तो उकरला असता त्यात तडे आढळले, आणि मग पायाचा बराच भाग नव्याने रचावा लागला. भिंतींसाठीचा करडा दगड सुमारे वीस मैलांवरील लिटल कॉटनवुड दरीतून आणला जात असे. दरीत कोसळून पडलेल्या प्रचंड शिळांवर कामगार छन्नीने ओळीने भोके पाडीत, त्या भोकांत लोखंडी पाचरी ठोकून शिळा फोडीत, आणि मग एकेक चिरा बैलजोड्यांच्या गाडीवर चढवून नगरात आणीत. एका जड चिऱ्याच्या खेपेला तीन-चार दिवस मोडत असत. १८७३ मध्ये दरीपर्यंत लोहमार्ग गेल्यावर या कामाला वेग आला. ट्रुमन एंजेल या वास्तुविशारदाने आखलेल्या भिंती तळाशी नऊ फूट जाड आहेत. त्यांवर पृथ्वी, चंद्राच्या कला आणि सूर्य यांची चिन्हे कोरलेली असून पश्चिमेकडील मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षींचे तारे आहेत. वाट चुकलेल्याला सप्तर्षींवरून ध्रुवतारा सापडतो, तसा मंदिरातील विधींमुळे माणसाला मार्ग सापडतो, असा त्याचा सांप्रदायिक अर्थ लावला जातो.

हे मंदिर बाहेरच्यांना बंद का, हे समजण्यासाठी मॉर्मन धर्माचारातील एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. रविवारची उपासना मंदिरात होत नाही. ती जागोजागच्या प्रार्थनागृहांत होते आणि तेथे कोणीही जाऊन बसू शकतो. मंदिर हे काही विशिष्ट संस्कारांसाठी राखलेले असते : पतिपत्नींना मृत्यूनंतरही एकत्र ठेवणारा विवाहसंस्कार, ईश्वराशी करायच्या प्रतिज्ञांचा दीक्षाविधी, आणि दिवंगत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजांनी घ्यायचा बाप्तिस्मा. मराठी वाचकाला देवळाचा सभामंडप आणि गाभारा यांतील फरक परिचित आहे. मॉर्मनांनी हे दोन भाग एका छपराखाली न ठेवता दोन स्वतंत्र वास्तूंत विभागले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या विभागणीमुळे टेंपल स्क्वेअरमध्ये पाहुण्याला खुली असलेली मोठी वास्तू मंदिराच्या कितीतरी आधी तयार झाली. ती म्हणजे टॅबरनॅकल, अर्थात हजारो लोक एकत्र बसू शकतील असे सभागृह. १८६३ ते १८६७ या काळात बांधलेल्या या सभागृहाची लांबी २५० फूट आणि रुंदी १५० फूट आहे, आणि कासवाच्या पाठीसारखे त्याचे छप्पर मध्ये एकही खांब न घेता ४४ दगडी स्तंभांवर तोललेले आहे. पूल बांधण्यात वाकबगार असलेल्या हेन्री ग्रो यांनी पुलासाठी वापरली जाणारी लाकडी जाळीची रचना येथे कमानीच्या रूपात वापरली. लोखंड दुर्मीळ आणि महाग असल्याने सांधे लाकडी खुंट्यांनी जोडले गेले, आणि खुंटी ठोकताना लाकूड चिरले तर त्याभोवती ओले कच्चे कातडे गुंडाळले जाई, जे वाळताना आवळून चीर घट्ट धरून ठेवी. आतील सज्ज्याचे पाइनचे खांब संगमरवरासारखे रंगवले गेले. सभागृहाच्या एका टोकाला टाचणी पडली तरी तिचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, हे प्रात्यक्षिक पर्यटकांना दाखवण्याची प्रथा येथे रूढ झाली, आणि आरंभी जोसेफ रिजेस यांनी बांधलेला ऑर्गन वाढत वाढत ११,६२३ नळ्यांचा झाला.

पर्यटक मात्र या वास्तू पुऱ्या होण्याआधीपासून येत होते, आणि ते वास्तू पाहायला येत नव्हते. १८५२ मध्ये पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केल्यापासून युटा हा अमेरिकेच्या व युरोपच्या कुतूहलाचा आणि निषेधाचा विषय झाला होता. पत्रकार होरेस ग्रीली यांनी १८५९ मध्ये यंग यांची मुलाखत घेतली, इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन यांनी १८६० मध्ये येथे मुक्काम करून पुढच्या वर्षी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८६१ मध्ये येथून गेलेल्या मार्क ट्वेन यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात या समाजाची थट्टा केली. १० मे १८६९ रोजी प्रॉमन्टरी येथे खंडपार लोहमार्ग जोडला गेला आणि पुढील जानेवारीत ऑग्डेनहून सॉल्ट लेक सिटीपर्यंत फाटा आला, तेव्हा लेखकांपुरता मर्यादित असलेला हा ओघ सामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचला. कॅलिफोर्नियाला जाणारा प्रवासी वाटेत उतरे, टॅबरनॅकलमध्ये डोकावे, यंग यांचा परिवार राहत असलेली बीहाइव्ह हाउस आणि लायन हाउस ही घरे बाहेरून न्याहाळी आणि पुढची गाडी धरी. या प्रवाशांना गाव दाखवण्याचे काम भाड्याच्या गाड्यांचे चालक करीत, आणि मॉर्मनांच्या तक्रारीनुसार गिऱ्हाइकाला जे ऐकायला आवडेल तेच, म्हणजे जनानखान्यांच्या आणि गुप्त विधींच्या रंगवलेल्या कहाण्या, ते सांगत असत. आपल्याच नगरात आपली कथा परक्यांच्या तोंडून सांगितली जाते, ही खंत पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

दरम्यान संघराज्याने १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनी बहुपत्नीत्वाविरुद्ध कारवाई तीव्र केली, पंथाची मालमत्ता जप्त होऊ लागली, आणि १८९० मध्ये पंथाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवे बहुपत्नीक विवाह थांबवण्याचे जाहीर केले. मंदिर याच वळणावर पूर्ण झाले. ६ एप्रिल १८९२ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर वुडरफ यांनी विजेचे बटण दाबून कळसाचा दगड बसवला, आणि त्याच दिवशी त्यावर तुतारी फुंकणाऱ्या मोरोनी या देवदूताची सोनेरी मुलाम्याची मूर्ती चढवली गेली. ती घडवणारे शिल्पकार सायरस डॅलिन स्वतः मॉर्मन नव्हते. पुढील वर्षी ६ एप्रिलला मंदिर अर्पण झाले, परंतु आदल्या संध्याकाळी नगरातील सुमारे ६०० बिगरमॉर्मन पाहुण्यांना आत नेऊन सारी दालने दाखवण्यात आली. अर्पणविधीपूर्वी दार उघडायचे आणि नंतर मिटायचे, हा प्रघात पुढे जगभरातील मॉर्मन मंदिरांत नियम म्हणून रुजला.

१८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तरी संशय ओसरला नव्हता. अशा वेळी ऑगस्ट १९०२ मध्ये टेंपल स्क्वेअरमध्ये एक लहानशी अष्टकोनी चौकी उभारून ‘ब्यूरो ऑफ इन्फर्मेशन’ म्हणजे माहिती कार्यालय सुरू झाले. बेंजामिन गोडार्ड यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक तेथे उभे राहून पाहुण्यांना आवार फिरवून दाखवीत, पुस्तिका देत आणि बक्षिशी नाकारीत. पहिल्याच वर्षी सुमारे १,५०,००० लोकांनी या सोयीचा लाभ घेतला. या घटनेचे महत्त्व मॉर्मनांच्या धर्मप्रसाराच्या पूर्वेतिहासाशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. पन्नास वर्षांपूर्वी हाच पंथ आपले प्रचारक दूरदूर पाठवीत होता. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मुंबईत उतरून पुढे पुण्यात गेले होते, परंतु त्या प्रयत्नांना फारच थोडे यश आले. आता जग स्वतःच्या खर्चाने दारात येत होते. ऐकून घ्यायला आलेल्या पाहुण्याशी सौजन्याने बोलणे हे परक्याच्या दारी जाऊन उपदेश करण्यापेक्षा परिणामकारक ठरू शकते, हा धडा पंथाने तेव्हा घेतला आणि तो कधीच सोडला नाही.

या धोरणाची खरी कसोटी १९११ मध्ये लागली. मंदिर उन्हाळ्यात बंद असताना कोणीतरी चोरून आतील दालनांची छायाचित्रे घेतली, आणि मोठी रक्कम न मिळाल्यास ती जाहीर करण्याची धमकी पंथाच्या नेत्यांना देण्यात आली. नेत्यांनी पैसे देण्याचे नाकारले, स्वतःच उत्तम छायाचित्रे काढून घेतली, आणि जेम्स टालमेज या विद्वानाकडून मंदिराविषयी सविस्तर ग्रंथ लिहवून तो १९१२ मध्ये त्या छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. यातून एक महत्त्वाची मर्यादारेषा ठरली : विधी गुप्त राहतील, पण ते जेथे होतात ती जागा कशी दिसते हे लपवायचे कारण नाही.

जे पाहता येत नव्हते त्याची भरपाई ऐकण्याने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून टॅबरनॅकलमध्ये पाहुण्यांसाठी ऑर्गनवादनाचे विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले, आणि १५ जुलै १९२९ रोजी तेथील गायकवृंदाचे साप्ताहिक नभोवाणी प्रसारण सुरू झाले. त्या दिवशी एकच ध्वनिग्राहक उपलब्ध असल्याने तो छतापासून टांगला होता, आणि अवघ्या एकोणीस वर्षांचा निवेदक संपूर्ण अर्धा तास शिडीवर उभा राहून त्यात बोलत होता. हे प्रसारण आजतागायत चालू आहे, आणि या गायनामुळेच टेंपल स्क्वेअरची ओळख झालेल्या श्रोत्यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या.

१९६० च्या दशकात माहिती कार्यालयाची जागा मोठ्या पर्यटक केंद्राने घेतली, डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेन यांच्या ख्रिस्तमूर्तीची भव्य प्रतिकृती तेथे आली, आणि पुढे आवार दाखवण्याचे काम अनेक देशांतून आलेल्या तरुण प्रचारिकांकडे सोपवले गेले. पाहुण्याला त्याच्या भाषेत बोलणारी, पैसे न घेणारी आणि मनापासून सांगणारी वाटाडी मिळणे ही मोठीच गोष्ट आहे, यात शंका नाही. तथापि यजमानाने सांगितलेला इतिहास हा यजमानाने निवडलेला इतिहास असतो, हेही विसरता येत नाही. आवारातील १९१३ चे कुरव पक्ष्यांचे स्मारक १८४८ साली पिकावर आलेल्या कीटकांना या पक्ष्यांनी खाऊन टाकल्याची श्रद्धेने जपलेली आठवण सांगते; परंतु वसाहतीमुळे ज्यांची कुरणे आणि पाण्याच्या जागा गेल्या त्या मूलनिवासींची, किंवा १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या सदस्यांना मंदिरसंस्कार नाकारले जात होते त्या काळाची, तितकी ठळक खूण या दगडांत आणि ब्राँझमध्ये उमटलेली नाही. येथे येणाऱ्या पर्यटकाने यजमानांचे सौजन्य कृतज्ञतेने स्वीकारावे आणि ही दुसरी बाजूही वाचून यावी. तसे केल्यानेच या स्थळाला न्याय मिळतो.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस भूकंपरोधक दुरुस्तीसाठी मंदिर बंद झाले, आणि त्या कामाची निकड मार्च २०२० मध्येच प्रत्ययाला आली : ५.७ रिश्टरच्या धक्क्याने मोरोनीच्या हातातील तुतारी निसटून पडली. दुरुस्तीनंतर पुन्हा अर्पणविधी होण्यापूर्वी, २०२७ मध्ये एप्रिलपासून सहा महिने मंदिर सर्वांसाठी खुले ठेवण्याचे जाहीर झाले आहे. १८९३ मध्ये निवडक पाहुण्यांना एका संध्याकाळपुरता मिळालेला मान आता कोणत्याही देशाच्या आणि धर्माच्या माणसाला मिळणार आहे. तटबंदी उभारून जगापासून संरक्षण शोधणारा समाज सव्वाशेहून अधिक वर्षांत जगाला आमंत्रण देण्याइतका निर्धास्त झाला, आणि तरीही आपली मर्यादा त्याने सोडली नाही. परक्याला आदराने वागवण्यासाठी आपले सर्वस्व त्याच्यासमोर खुले करावे लागत नाही, आणि जे खुले नाही त्याचा मान राखणे हेही पाहुण्याचे कर्तव्य असते. धर्मस्थळे आणि पर्यटन यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणाऱ्या कोणालाही टेंपल स्क्वेअरचा इतिहास म्हणूनच दुर्लक्षिता येणार नाही.