मोटरबोट, लहान : कॉकपिटमधील पाण्याचा बंदोबस्त

चार ते आठ मीटर लांबीच्या उघड्या किंवा अर्धवट झाकलेल्या मोटरबोटीत सुकाणू, थ्रॉटल आणि माणसे ज्या खोलगट जागेत असतात, तिला कॉकपिट म्हणतात. या जागेत पाणी चार वाटांनी येते : नाळेवरून उडणारे तुषार, मागच्या फळीवरून चढणारी लाट, तळाची गळती आणि पाऊस. त्यावर उपायांच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पाणी आत येऊच न देणे. दुसरी, आलेल्या पाण्याला आपोआप बाहेर जाण्याची वाट ठेवणे. बाजारात पहिल्या तऱ्हेच्या वस्तू अधिक खपतात. समुद्रावर भरवसा मात्र दुसरीवरच ठेवावा लागतो.

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदी या विषयाचा चांगला नमुना आहे. रोहा आणि अष्टमी यांच्यामधून वाहणारी ही नदी पुढे खाडी होते आणि उत्तरेस रेवदंडा, दक्षिणेस कोर्लई ठेवून अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या आतल्या भागात पाणी शांत असते. तिथे होडीला बेताच्या उंचीचा काठ चालतो. मुखाशी चित्र बदलते. उधाणाची ओहोटी जोराने बाहेर पडत असते आणि समुद्राची लाट तिच्या उलट आत येते, तेव्हा लाटांमधले अंतर कमी होते, त्या उभ्या राहतात आणि फुटतात. उघड्या हंगामात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की त्यात भर पडते. बाहेर जाताना नाळेवर पाणी, परत येताना मागच्या फळीवर पाणी, असा एकाच फेरीत दोन्हींचा अनुभव येतो.

आत साचलेले पाणी म्हणजे नुसती भिजलेली तळाची फळी नव्हे. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद कॉकपिटमध्ये 10 सेंमी पाणी साचले तर ते सुमारे 300 लिटर, म्हणजे चार-पाच माणसांचे वजन. माणसे निदान सांगितले तर एका जागी बसतात. पाणी होडी कलली की कललेल्या बाजूलाच धावते आणि कल वाढवते. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लांबीच्या दिशेने मधोमध एक आडोसा घातला की परिणाम एक-चतुर्थांशावर येतो. होडी बुडायच्या आधी बहुधा उलटते, याचे कारण हेच.

लाटेशी भांडण्यापेक्षा तिला वाट देण्याची युक्ती या किनाऱ्याला जुनी आहे. आंग्र्यांच्या आरमारातील गुराब नावाच्या जहाजांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड 1763 मध्ये निघाला. गुराबेची नाळ पुढे लांब निघालेली असे आणि समोरच्या लाटेत ती फार डुबक्या घेई. म्हणून नाळेवरचा तक्ता कठड्याशिवाय उघडाच ठेवत आणि त्याच्यामागे एक आडवी भिंत उभी करत. आदळलेली लाट भिंतीवर थांबे आणि दोन्ही बाजूंनी समुद्रात परत जाई. जहाजाच्या मुख्य तक्त्यावर येत नसे. आजच्या मोटरबोटीचा झाकलेला पुढचा भाग, त्याच्या मागचा उंबरा आणि वाराकाच ही त्याच रचनेची लहान आवृत्ती म्हणता येईल. गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या होत्या; पाच मीटरच्या होडीला भिंतीऐवजी हातभर उंबरा पुरतो.

तुषार अडवण्यासाठी बुडाच्या दोन्ही अंगांना, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, बाहेरच्या बाजूला धारदार कोन असलेली पट्टी बसवतात. बुडावरून पातळ पापुद्र्यासारखे चढणारे पाणी या धारेवर तुटते आणि बाजूला फेकले जाते. धार गोलाई दिलेली असेल तर पाणी तिला चिकटून वर येते आणि पट्टीचा उपयोग राहत नाही. फायबरच्या होड्यांत ही चूक नेहमी दिसते, कारण साच्यातून गोल कडा काढणे सोपे पडते.

मागची फळी हा सर्वांत कच्चा भाग. बाहेरचे इंजिन टांगायला ती मध्यभागी खाली कापलेली असते. लहान दांड्याच्या इंजिनासाठी तिची उंची 15 इंच, लांब दांड्याच्या इंजिनासाठी 20 इंच धरतात; समुद्राला दुसरे माप बरे. या खाचेच्या आतल्या बाजूला काठाइतक्या उंचीची दुसरी भिंत घालून मध्ये एक खण करतात आणि त्याला बाहेर निघणारी भोके ठेवतात. वरून आलेली लाट त्या खणात पडते आणि निघून जाते. जुन्या होड्यांत इंजिनाच्या तारांसाठी ही आतली भिंत कापलेली आढळते. मग खण नावापुरता राहतो. शिवाय वेगात असलेल्या होडीचा थ्रॉटल एकदम बंद केला की होडीची स्वतःचीच लाट मागून गाठते आणि फळीवरून आत येते. त्यावर उपकरण नाही, चालवणाऱ्याचा हातच हवा.

आपोआप निचरा होणाऱ्या कॉकपिटचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असतो, मागे उतरता असतो आणि शेवटी निचऱ्याची भोके असतात. लहान नौकांच्या अशा रचनेसाठी आयएसओ 11812 हे मानक आहे. गोम अशी की ही उंची रिकाम्या होडीत मोजून चालत नाही. सहा माणसे, बर्फाची पेटी आणि जाळे चढले की होडी बसते आणि त्याच भोकांतून पाणी उलटे वर येते. तिथे बाहेर उघडणारी रबरी झडप लावतात. पण माशाचा खवला किंवा दोऱ्याचा तुकडा अडकला तरी ती मिटत नाही. या रचनेचा सोपा पडताळा रोह्याच्या वरच्या अंगाला, कोलाडजवळ मिळतो. मुळशीचे पाणी भिरा येथे वीज करून कुंडलिकेत उतरते आणि त्यापुढच्या प्रवाहावर राफ्टिंग चालते. त्या राफ्टचा हवा भरलेला तळ पाण्याच्या वर तरंगतो आणि कडेच्या फटींतून आतले पाणी निघून जाते. फेसाळ प्रवाहात बादली घेऊन बसायला कोणाला उसंत नसते.

तळाचे बूच ही पिढीजात विसरण्याची वस्तू. 25 मिमी व्यासाचे भोक पाण्याखाली 15 सेंमी असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे 30 लिटर पाणी आत येते, म्हणजे दोन बादल्या. वेगात असताना उघड्या बुचातून पाणी उलट बाहेर ओढले जाते, त्यामुळे चूक लक्षात येते ती होडी थांबल्यावर. विजेच्या पंपावर लिहिलेला आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. लांब, वाकलेल्या नळीतून प्रत्यक्षात बरेच कमी पाणी बाहेर पडते. पंपाची नळी पाण्याच्या रेषेच्या वर, फास दिल्यासारखी उंच नेऊन मग बाहेर काढावी, नाहीतर पंप थांबताच पाणी त्याच वाटेने परत येते. पंप असला तरी कापलेला प्लास्टिकचा कॅन आणि बादली होडीत लागतेच. बॅटरी भिजली की तेवढेच उरते.

लाकडी होडीचा प्रश्न वेगळा. बरेच दिवस किनाऱ्यावर राहिलेली होडी उन्हाने आकसते, सांधे उघडतात आणि पाण्यात घातल्यावर ती ‘पाणी घेते’. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर डांबर किंवा राळ भरतात. लाकूड भिजून फुगले की उरलेली फट आपोआप मिटते. पहिल्या दिवसाची गळती पाहून घाईने सिमेंट भरणारा माणूस फळी फुगायला जागाच ठेवत नाही.

पावसाचे पाणी सर्वांत दुर्लक्षित. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि होड्या वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने झाकतात. तीन चौरस मीटर उघड्या कॉकपिटमध्ये 100 मिमी पाऊस म्हणजे 300 लिटर, आणि रोह्यात जुलैत असा दिवस नवलाचा नाही. किनाऱ्यावरची होडी नाळ उंच ठेवून, बूच काढून ठेवावी. ताडपत्रीखाली मधोमध आडवी काठी घालावी, म्हणजे पाण्याचा फुगा धरत नाही. काढलेले बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधावे; नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा होडी ढकलताना ते शोधावे लागत नाही.