म्हशाच्या वाटेवरील श्रोते

संगीताचा इतिहास म्हणून आपल्याकडे जो लिहिला जातो तो बहुधा गवयांचा आणि त्यांच्या आश्रयदात्यांचा इतिहास असतो. कोणत्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, कोणत्या संस्थानिकाने कोणास पदरी ठेविले, याच्या वंशावळी आपण मोठ्या निष्ठेने जतन केल्या आहेत. ज्याने ते गाणे ऐकले, ऐकण्यासाठी वाट तुडविली, रात्र जागविली, त्याचे नाव या वंशावळीत कोठेच नाही. जर्मनीतील थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख हा वयाच्या विसाव्या वर्षी, 1705 साली, बुक्स्टेहूडे नामक वृद्ध वादकाचा ऑर्गन ऐकावयास आर्नश्टाट गावाहून ल्युबेक नगरापर्यंत सुमारे अडीचशे मैल पायी गेला, आणि चार आठवड्यांची रजा घेऊन गेलेला हा तरुण त्याच्या कित्येक पट दिवस तेथेच रमला. ही हकीकत आज आपण कौतुकाने वाचतो. परंतु त्या चालण्याची नोंद राहिली ती बाख पुढे बाख झाला म्हणून. जो श्रोता शेवटपर्यंत श्रोताच राहिला, त्याच्या पायपिटीचे काय?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन शेजारच्या तालुक्यांच्या संदर्भात. दोहोंची भूमी एकच. तेच सह्याद्रीचे पायथे, तीच भातखाचरे, तेच ठाकर, कातकरी, कोळी आणि कुणबी. परंतु लोखंडी रुळांनी त्यांच्या श्रवणाचा इतिहास वेगळा केला, असे आमचे मत आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी 1854 साली कल्याणास आणि 1855 साली शहापूर तालुक्यातील वाशिंदास पोहोचली. 1861 च्या आरंभी ती कसाऱ्यापर्यंत गेली. मुरबाडास मात्र आजतागायत रेल्वे नाही. याचा संगीताशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, आसनगाव-वाशिंदच्या मनुष्यास गाण्याकडे जाणे शक्य झाले. मुरबाडच्या मनुष्यास गाणे आपल्याकडे येईपर्यंत वाट पाहणे प्राप्त झाले.

पहिल्या प्रकारच्या श्रोत्याविषयी विस्तार करण्याचे कारण नाही; तो आपल्या ओळखीचा आहे, किंबहुना तो म्हणजे आपणच. 1880 साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे पांढरपेशा कुटुंबांनी नाटकाची पदे देवघरातल्या स्तोत्रांसारखी पाठ केली. ‘वन्स मोअर’च्या गजरात पहाट होई आणि सकाळच्या गाडीने मंडळी कचेरीत हजर होत. 1926 साली कल्याणास गायन समाज स्थापन झाला, तेव्हा रेल्वेच्या काठाने राहणाऱ्या रसिकास ख्यालगायनाची बैठकही हाकेच्या अंतरावर आली. या श्रोत्यास आपण ‘रसिक’ ही पदवी मोठ्या खुशीने दिली आहे.

दुसऱ्याची गोष्ट निराळी. मुरबाडपासून काही मैलांवर म्हसा नावाचे गाव आहे. तेथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. दिवसा बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, भांड्यांच्या उतरंडी. आणि रात्री तमाशाचे तंबू. येथे भूगोलाकडे थोडे पाहिले पाहिजे. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे, तिच्या पायथ्याशी वैशाखरे गाव आणि वर नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कल्याण यांच्यामधील व्यापार या घाटाने चालला. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अद्याप तेथे आहे. आज मोटारी माळशेज घाटाने उतरतात. त्याच घाटमाथ्यापलीकडे जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रांसाठी सुपाऱ्या देण्यास येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि त्याच घरातील विठाबाई (1935–2002) यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा मराठी मनुष्य विरळा. म्हणजे ज्यास आपण आडबाजूचा तालुका म्हणतो, तो तमाशाच्या राजधानीच्या अगदी दाराशी आहे!

तरीही या श्रोत्यास आपण रसिक म्हटले नाही. त्यास ‘गर्दी’ म्हटले, ‘पब्लिक’ म्हटले. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी पठ्ठे बापूराव (1866–1945) होऊन फडात उतरले तेव्हा आपल्या वर्गास कवन दिसले; पण त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या पवळेचे गाणे ज्यांनी डोक्यावर घेतले, ते लोक दिसले नाहीत. आमच्या घरीही नाट्यपदांच्या तबकड्या कपाटात जपून ठेवलेल्या असत आणि ‘तमाशा’ हा शब्द केवळ गोंधळ या अर्थी उच्चारला जाई. आम्ही स्वतः म्हशाच्या यात्रेत प्रथम गेलो ते वयाची पन्नाशी उलटल्यावर, आणि खरे सांगावयाचे तर अभ्यासक म्हणून, वही घेऊन.

तेथे जे पाहिले त्याने वही बाजूस राहिली. तंबूंच्या बाहेर घोंगडी पांघरलेले लोक उगाच घुटमळताना दिसले. प्रथम वाटले, तिकिटास पैसे नसावेत. जवळ उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास विचारता तो म्हणाला, “मास्तर, आधी ढोलकी ऐकायची, मग पैसा सोडायचा.” आत गण चालला होता. त्याने क्षणभर कान दिला, मान हलविली आणि म्हणाला, “उतरलीया. दंव पडलंय, अन् ह्यानं चढवली न्हाई.” आम्ही पुन्हा ऐकले. पौषातल्या त्या थंडीत ढोलकीचा सूर खरोखरच तुणतुण्याच्या किंचित खाली गेला होता. आमच्या तथाकथित शिक्षित कानास ते सांगितल्यावाचून कळले नव्हते. तो पुढच्या तंबूकडे गेला. तेथील फड नव्या मंडळींचा, नाव कोणाच्या परिचयाचे नव्हते. गौळण सुरू होताच तो थांबला, दोनदा हुंकारला आणि कनवटीचे पैसे काढून रांगेत शिरला. आम्हीही त्याच्या मागे.

वग संपला तेव्हा पूर्वेकडे उजाडू लागले होते. आमचा सोबती बैलबाजाराकडे वळला. त्यास एक खोंड पाहावयाचा होता. जाता जाता नव्या फडातील ढोलकीवाल्याचे नाव त्याने कोणास तरी विचारून घेतले आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले, पुढच्या पौषात विसरू नये म्हणून.