डफरिनवरचे कॅडेट आणि सोलापूरचा जहाजमालक

मोहोळसारख्या कोरडवाहू गावात राहून मी जहाजांच्या इतिहासात कसा शिरलो, असे मला पुष्कळदा विचारले जाते. उत्तर सोपे आहे. आमच्या भागातल्या रेल्वेचा आणि साखर कारखानदारीचा इतिहास जमवताना वालचंद हिराचंद हे नाव टाळता येत नाही. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेला हा माणूस बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून निघून थेट जहाजांपर्यंत पोचला. त्याच्या मागे जाता जाता मी 'डफरिन'पाशी येऊन थांबलो.

'डफरिन' ही व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी प्रशिक्षण-नौका. १९०४ साली इंग्लंडातील बॅरो येथे बांधलेले हे जहाज मुळात सैन्याची ने-आण करण्यासाठी होते. १९२७ पासून ते मुंबईत माझगावजवळ नांगरून ठेवण्यात आले आणि त्यावर हिंदी मुलांची शाळा सुरू झाली. तिच्याविषयी लिहिणारे बहुधा शिस्त आणि नामवंत माजी विद्यार्थी यांवर भर देतात. मला मात्र एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला चालत्या जहाजावर जागा कोण देणार होते?

आधी पार्श्वभूमी पाहू. रत्नागिरी किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर राबत होती. खलाशी, तांडेल, फार तर सारंग, एवढीच त्यांची चढण. त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या जागा जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांच्या होत्या. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले, म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. मालक हिंदी असले, तरी जहाज हाकायला प्रमाणपत्रधारक हिंदी अधिकारी मिळणे दुरापास्त होते.

हा प्रश्न सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी १९२२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठरावाच्या रूपाने मांडला. पुढच्या वर्षी कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींपैकी दोन येथे लक्षात घ्यायच्या आहेत. एक, मुंबईत प्रशिक्षण-नौका असावी. दोन, किनारी व्यापार टप्प्याटप्प्याने हिंदी मालकीच्या जहाजांकडे यावा. सरकारने पहिली शिफारस उचलली, दुसरी बाजूला ठेवली. दुसऱ्या शिफारशीने ब्रिटिश कंपन्यांचे हितसंबंध दुखावले जाणार होते. मुले शिकवायची, पण ती जिथे काम करतील ती जहाजे वाढू द्यायची नाहीत, असा याचा अर्थ होतो.

डफरिनवरचा दिनक्रम कष्टाचा होता. पहाटे उठायचे, झोळीसारखा हॅमॉक गुंडाळायचा, डेक घासून धुवायचा. मग कवायत आणि वर्ग. दोरखंडाच्या गाठी, वल्ही मारणे, शिडाची होडी हाकणे, निशाणांचे आणि मोर्सचे संकेत, होकायंत्र, नकाशे, सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याचे गणित. सोबत शाळेतले नेहमीचे विषय होतेच. प्रवेश अखिल हिंदुस्थानातून. त्यामुळे मद्रासचा, बंगालचा, पंजाबचा आणि आपल्याकडचा मुलगा एकाच डेकवर झोपे आणि एकाच पंगतीत जेवे. त्या काळच्या घरांतून आलेल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु डफरिन नांगरलेले होते. कॅडेटला अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायचे, तर समुद्रावरच्या नोकरीचा ठराविक काळ भरावाच लागे. तो भरायचा कुठे? ब्रिटिश कंपन्या हिंदी कॅडेट घ्यायला नाखूश. उरली मुख्यतः सिंदिया. आणि सिंदियाचे हात १९२३ च्या कराराने बांधलेले. ब्रिटिश इंडिया कंपनीशी झालेल्या त्या दहा वर्षांच्या करारानुसार सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरतेच राहायचे होते. एकूण जहाजे ७५,००० टनांच्या आत ठेवायची होती. टनांची ही मर्यादा म्हणजे कॅडेटांच्या जागांचीही मर्यादा, हे आपल्या लक्षात सहसा येत नाही. १९२८ मध्ये किनारी व्यापार राखून ठेवण्यासाठी एस. एन. हाजी यांनी कायदेमंडळात विधेयक आणले. तेही कायद्यापर्यंत पोचले नाही.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या जागी राहिले. त्यांच्या लढ्याकडे मालकाचा नफ्यासाठीचा लढा म्हणून पाहणारे आहेत, आणि नफ्याची बाजू त्यात होतीच. तरीही सिंदियाचे प्रत्येक नवे जहाज म्हणजे डफरिनच्या काही मुलांना मिळालेली जागा होती. म्हणून डफरिनचा इतिहास सिंदियाला वगळून लिहिला, तर तो अर्धाच राहतो, असे माझे मत आहे.

पुढचे फळ मोठे आले. डफरिनच्या पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात शिरले आणि २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखला गेला. हेडलॅम समितीची बाजूला पडलेली शिफारस अशी सुमारे पाव शतकानंतर अमलात आली. १९७२ मध्ये डफरिनची जागा 'राजेंद्र' या नौकेने घेतली. १९९३ पासून 'चाणक्य' हे नाव धारण करणारी संस्था नवी मुंबईत करावे येथे जमिनीवर चालते.

आज आमच्या तालुक्यातली मुलेही जहाजावर जाण्याची स्वप्ने पाहतात. ऊस आणि डाळिंबाच्या भरवशावर कर्ज काढून बाप फी भरतो. मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करतो, आणि मग जहाजावर प्रशिक्षणाची जागा मिळवण्यासाठी दलालांचे उंबरठे झिजवतो. अशा मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना दोन प्रश्न आधी विचारायला सांगतो. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का? आणि जहाजावर घेण्याचे लेखी आश्वासन कोणती कंपनी देते? इमारत, गणवेश, पोहण्याचा तलाव या गोष्टी नंतरच्या. १९२७ मधल्या कॅडेटांपुढेही प्रश्न हाच होता, आणि तो वर्गात सुटणारा नव्हता.