गेत : विवियन अम्सालेमचा खटला

रोनित व श्लोमी एल्कबेत्स या बहीणभावाने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला इस्रायली चित्रपट (२०१४). इस्रायल, फ्रान्स व जर्मनी यांची संयुक्त निर्मिती. लांबी ११५ मिनिटे. भाषा हिब्रू व फ्रेंच, मधूनमधून मोरोक्कन अरबी. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक बाई ज्यू धर्मन्यायालयात काडीमोड मागते आणि तो मिळवण्यात तिची पाच वर्षे जातात, एवढेच कथानक. ते सगळे न्यायालयाची खोली आणि बाहेर ताटकळत बसण्याची जागा यांतच घडते. रस्ता, घर, मुले, विवियनचे केशकर्तनाचे काम यांतले काहीही पडद्यावर येत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. प्रत्येक धर्मसमाजाचे विवाह व घटस्फोट त्या त्या धर्माच्या न्यायालयाकडे सोपवण्याची पद्धत ऑटोमन काळातली. ब्रिटिशांनी ती चालू ठेवली आणि १९५३च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांच्या अखत्यारीत गेले. परदेशात, बहुधा शेजारच्या सायप्रसला, जाऊन नोंदणी विवाह केलेल्या ज्यू जोडप्यालाही वेगळे होताना याच दाराशी यावे लागते. न्यायाधीश तीन, तिघेही पुरुष.

ज्यू धर्मशास्त्रात विवाह मोडतो तो न्यायालयाच्या हुकमाने नव्हे, तर नवऱ्याने स्वखुशीने दिलेल्या सोडचिठ्ठीने. तिलाच गेत म्हणतात. ही चिठ्ठी त्या एका जोडप्यासाठी लेखनिक हाताने लिहितो. मजकूर मुख्यतः अरामी भाषेत, ओळी बारा. छापील नमुन्यात नावे भरून भागत नाही. दोन साक्षीदारांसमोर नवरा ती बायकोच्या ओंजळीत टाकतो आणि आता तू कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस अशा अर्थाचे वाक्य उच्चारतो. ती चिठ्ठी घेऊन बाई काही पावले चालते, की विवाह संपला. इसवी सन १००० च्या सुमारास जर्मनीतल्या रब्बी गेर्शोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या फतव्यांनी एकाहून अधिक बायका करण्यावर आणि बायकोच्या संमतीवाचून तिला सोडण्यावर बंदी आली. त्यामुळे संमती दोघांची लागते, पण परिणाम दोघांना सारखे नाहीत. गेत न मिळालेल्या बाईला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले तर ते ‘मामझेर’ ठरते आणि त्याला बहुतेक ज्यूंशी लग्न करता येत नाही. पुरुषाच्या मुलांवर असा शिक्का बसत नाही. शिवाय अडून बसलेल्या बायकोच्या नवऱ्यासाठी शंभर रब्बींच्या सहीने दुसऱ्या लग्नाची परवानगी मिळवण्याची एक जुनी वाट आहे. बाईसाठी तशी वाट नाही.

जबरदस्तीने घेतलेली गेत रद्दबातल, हे या कायद्यातले खरे त्रांगडे. तरीही काही कारणांसाठी न्यायालयाने नवऱ्यावर त्याची इच्छा होईपर्यंत दबाव आणावा, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संहितेतच आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्र्याने त्याची संगती अशी लावली, की धर्माज्ञा पाळावी हीच माणसाची मूळची इच्छा असते आणि दबावाने फक्त तिच्यावरचे मळभ दूर होते. युक्तिवाद मोठा चतुर आहे. प्रत्यक्षात मात्र धर्मन्यायाधीश फार जपून पावले टाकतात. आधी शिफारस, मग धर्मकर्तव्य म्हणून सांगणे, मग बंधन घालणे आणि अगदी शेवटी सक्ती, अशा निकालाच्या पायऱ्या आहेत. १९९५च्या कायद्याने अडून बसणाऱ्या नवऱ्याचा वाहन परवाना काढून घेणे, परदेशप्रवास रोखणे, बँक व्यवहारांवर निर्बंध घालणे आणि तुरुंगात टाकणे असे उपाय न्यायालयांच्या हाती दिले. पण त्या तुरुंगाच्या किल्ल्याही एका परीने नवऱ्याच्याच खिशात राहतात.

कथानक. विवियन (रोनित एल्कबेत्स) आणि एलिशा (सिमोन आबकारियन) यांच्या लग्नाला वीसहून अधिक वर्षे झाली आहेत. एलिशा मारत नाही, बाहेरख्याली नाही, घरखर्च देतो, प्रार्थना चुकवत नाही. न्यायाधीश हीच यादी पुन्हा पुन्हा वाचतात आणि तिला विचारतात, मग तुझी तक्रार तरी काय? तिच्याकडे उत्तर एकच आहे : माझे त्याच्याशी जमत नाही. कायद्याच्या चौकटीत हे कारण बसत नाही. काही काळ घरी परत जाऊन बघ, असा सल्ला तिला मिळतो. एलिशा तारखांना हजर राहत नाही. आला तरी नाही म्हणतो, तेही आवाज न चढवता. त्याच्या बाजूने त्याचा भाऊ रब्बी शिमोन (सासोन गबाय) उभा राहतो, तिच्या बाजूने वकील कार्मेल (मेनाशे नोय). कार्मेलचे विवियनशी काही आहे का, असा संशयही शिमोन भर न्यायालयात घेतो. दोन तारखांच्या मधला काळ केवळ पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांतून कळतो : अमुक महिन्यांनंतर. ही अक्षरे इतक्यांदा येतात, की प्रेक्षागृहात त्यांना हशाही मिळतो.

साक्षीदारांच्या जबान्या हा चित्रपटाचा सर्वांत समृद्ध भाग. नातेवाईक आणि शेजारी येतात, स्वतःच्याच संसाराबद्दल नको ते बोलून जातात. शेजारीण डोना ही एलिशाच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला येते, पाठ करून आल्यासारखी बोलते. कार्मेल उलटतपासणीत दोनचार साधे प्रश्न विचारतो आणि ती स्वतःच्या नवऱ्याला किती दबून आहे ते उघडे पडते. अशा प्रसंगांत विनोद भरपूर आहे. जुन्या मोरोक्कन ज्यू कुटुंबांतली फटकळ, हातवारे करून बोलण्याची ढब भावंडांना घरचीच होती. एका तारखेला थकलेली विवियन सहज आपले केस मोकळे सोडते आणि मुख्य न्यायाधीश तिच्यावर खेकसतो, केस बांध. तोवर सगळा वेळ शांत राहिलेली ही बाई पुढे एकदा स्फोट होऊन न्यायाधीशांनाच फैलावर घेते. रोनितच्या अभिनयाचे कौतुक करताना समीक्षक त्या स्फोटाकडे बोट दाखवतात. मला तिच्या त्याआधीच्या गप्प बसण्यात अधिक ताकद वाटते.

तुरुंगवासानंतर एलिशा विधीला तयार होतो, पण ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. अखेरीस तो तिला बाजूला घेऊन वचन मागतो : तू दुसऱ्या कोणाची होणार नाहीस. ती ते देते. गेत हाती पडल्याचे चित्रपट दाखवत नाही.

मांडणी. छायालेखन झान लापुआरी यांचे. कॅमेरा कोणत्याही तटस्थ जागेवरून पाहत नाही. प्रत्येक दृश्य खोलीतल्या कोणत्या तरी माणसाच्या नजरेतून दिसते, हा नियम दिग्दर्शकांनी शेवटपर्यंत पाळला. सुरुवातीचा काही वेळ सगळे विवियनबद्दल बोलत असतात आणि विवियन चौकटीत नसते, हेही त्याच नियमातून आलेले. भिंती पांढऱ्या, बाके साधी. एवढ्या कोंदट जागेत दोन तास खिळवून ठेवणारे न्यायालयीन चित्रपट फार थोडे.

हा एका चित्रत्रयीचा शेवटचा भाग आहे. ‘टू टेक अ वाइफ’ (२००४) मध्ये १९७९च्या हैफातले या दांपत्याचे घर आहे, ‘सेव्हन डेज’ (२००८) मध्ये १९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी एका मृत्यूनंतर सुतकात एकत्र कोंडलेले विवियनचे कुटुंब. तिन्ही चित्रपटांत विवियन व एलिशाच्या भूमिका रोनित व आबकारियन यांनीच केल्या आणि विवियनचे पात्र भावंडांनी आपल्या आईवरून घेतले. आईने प्रत्यक्षात काडीमोड मागितला नव्हता. तिसरा भाग ही तिच्यासाठी केलेली कल्पना. रोनित आणि गबाय हे ‘द बँड्स व्हिजिट’ (२००७) मुळे भारतीय चित्रपटमहोत्सवांच्या प्रेक्षकांना परिचित असतील.

स्वागत. मे २०१४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात पहिला खेळ. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि गबाय यांना साहाय्यक अभिनेत्याचे ओफिर हे इस्रायली चित्रपट पारितोषिक. इस्रायलने तो ऑस्करसाठी पाठवला, तेथे नामांकन मिळाले नाही. गोल्डन ग्लोबचे मिळाले. २०१५ मध्ये धर्मन्यायाधीशांच्या वार्षिक परिषदेतही तो दाखवला गेला. रोनित १९ एप्रिल २०१६ रोजी कर्करोगाने वारली, ५१व्या वर्षी. श्लोमीने जुन्या चित्रफिती आणि त्रयीतली दृश्ये जोडून तिच्यावर ‘ब्लॅक नोटबुक्स’ (२०२१) हा माहितीपट केला.

बेने इस्रायल व गेतचा प्रश्न. कोकणातून व मुंबईतून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाला या कायद्याचा चटका वेगळ्याच बाजूने बसला. भारतात पूर्वी त्यांचे काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे गेत देऊन होत होते की नाही, अशी शंका घेऊन १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने नियम काढला : या समाजातील कोणी इतर ज्यूंशी विवाह करू लागल्यास विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बीने त्यांच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची, शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. पणजीच्या काडीमोडाचा पुरावा अलिबाग-पेणकडून आणायचा कोठून? समाज चिडला. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. ऑगस्टमध्ये क्नेसेत या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असा ठराव केला. त्यानंतर रब्बीमंडळाने नियमातून या समाजाचे नाव वगळले आणि ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, अशी त्याची भाषा केली.