दिवा लपवण्याची विद्या

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजीचे शिवणयंत्र असे आणि त्याच्या काळ्याभोर अंगावर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ असे लिहिलेले असे. या कंपनीने १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, ब्रॉडवेवर, ६१२ फुटांचा एक मनोरा बांधला. त्या वेळी जगात एवढी उंच दुसरी कचेरी नव्हती. पण या मनोऱ्याची खरी नवलाई अंधार पडल्यावर सुरू होई. त्याच्या माथ्याच्या कडांवर सुमारे १,६०० छोटे बल्ब ओळीने लावले होते आणि मधल्या उभ्या अंगावर खालून तीस मोठ्या दिव्यांचा झोत टाकला होता.

मंडप उभारणाऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर वर माळा होत्या आणि खाली फोकस. रात्री शहर उजळण्याच्या कलेची ही दोन वेगवेगळी कुळे आहेत आणि सिंगरच्या मनोऱ्यावर ती एकत्र आली होती. माळेत आपण दिवा बघतो. फोकस लावला की दिवा लपतो आणि ज्यावर उजेड पडतो ते दिसते. आज रात्रीच्या महानगराचे जे चित्र जगभर ओळखले जाते, ते दुसऱ्या कुळाने घडवले. त्याची ही कथा.

आधी माळेविषयी बोलायला हवे, कारण ते कूळ आपल्या घरचे आहे. त्रिपुरी पौर्णिमेला एखाद्या जुन्या देवळाच्या दीपमाळेखाली उभे राहून वर पाहावे. खांबातून बाहेर आलेले दगडी हात पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने चिकट झालेले असतात. प्रत्येक हातावर एक ज्योत फडफडत असते. दोन ज्योतींमधला दगड मात्र काळाच राहतो. खांब असा दिसतच नाही, ज्योतींचे ठिपके जोडून डोळाच तो रेखाटतो. लक्षदीप, तोरण, दिवाळीच्या पणत्यांची ओळ हे सगळे याच रीतीचे. वीज आली तेव्हा पाश्चात्त्य देशांनीही पहिल्यांदा हेच केले. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात मोठे प्रदर्शन भरले. जवळच्या नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज तिथे आणून इमारतींच्या कडाकडांवर दोन लाखांहून अधिक बारके बल्ब लावले होते. संध्याकाळी ते एकदम पेटवत नसत. आधी निखाऱ्यासारखी मंद लाली दिसे आणि मग हळूहळू उजेड भरत जाई. तरीही लोक पाहत होते ते बल्बच. भिंती मागे अंधारात होत्या.

फोकसचा जन्म जहाजांवरच्या आणि किल्ल्यांवरच्या शोधदिव्यांतून झाला. शत्रूची नाव हुडकायला बनवलेला हा दिवा शोभेच्या कामाला लावणाऱ्यांत वॉल्टर डार्सी रायन हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला प्रकाशतज्ज्ञ अग्रभागी होता. १९०७ मध्ये त्याने छत्तीस शोधदिव्यांचे झोत नायगारावर सोडले आणि रंगीत काचा बदलत तो कोसळता पडदा रात्री न्हाऊ घातला. धबधब्याच्या कडेला माळ लावणार कशी? तिथे झोताशिवाय उपायच नव्हता. त्या रात्रींनी एक गोष्ट सिद्ध केली, की फार मोठी वस्तू दुरून उजळता येते आणि दिवा कुठे आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

पण शोधदिव्यात कार्बनच्या कांड्या जळत. त्या झिजत, सारख्या बदलाव्या लागत, दिव्यापाशी माणूस ठेवावा लागे. चाळिसाव्या मजल्याच्या सज्जावर रोज रात्री हा उपद्व्याप परवडणारा नव्हता. साधा बल्ब लावावा, तर त्याचा जोर पुरत नसे. बल्बमधली हवा काढून टाकलेली असे. टंगस्टनची तार जास्त तापवली, की तिचे कण उडून काच आतून काळी पडे. अर्व्हिंग लँगम्युर या शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास यावर तोड काढली. त्याने बल्बमध्ये नायट्रोजन भरला आणि तार घट्ट गुंडाळी करून बसवली. वायूच्या दाबामुळे तारेचे झिजणे मंदावले, ती अधिक तापवता आली आणि उजेड लांब तारेऐवजी एका छोट्या जागेतून येऊ लागला. हे शेवटचे फार महत्त्वाचे. उजेड एका बिंदूजवळ गोळा झाला, की मागच्या आरशाला त्याचा नेमका झोत करता येतो. आता दिवा सज्जावर बसवायचा, खटका दाबायचा आणि खाली यायचे, एवढेच काम उरले.

त्याच वर्षी सिंगरच्या मनोऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ७९२ फुटांची वूलवर्थ इमारत पुरी झाली. फ्रँक वूलवर्थ हा पाच आणि दहा सेंटांत वस्तू विकणाऱ्या दुकानांचा मालक. २४ एप्रिल १९१३ च्या संध्याकाळी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि इमारतीतले ८०,००० दिवे लागले. वर्तमानपत्रांनी या क्षणाचा गाजावाजा केला. कुळकथेच्या दृष्टीने मात्र त्यानंतर घडले ते मोठे. लवकरच नव्या वायुभरल्या बल्बचे पाचशेहून अधिक फोकस मनोऱ्याच्या वरच्या भागावर आडोशाला बसवले गेले. रात्री इमारतीचे खालचे मजले शहराच्या अंधारात विरत आणि वरचा मनोरा, कशालाच न टेकलेला, आकाशात पांढराशुभ्र उभा दिसे.

हे साधले ते दिव्याइतकेच भिंतीमुळे. वास्तुकार कॅस गिल्बर्ट याने इमारतीला साय-रंगाच्या, भाजलेल्या मातीच्या झिलईदार फरशांचे कवच दिले होते. असा पृष्ठभाग उजेड गिळत नाही, चहूकडे फेकतो. त्यावरच्या नक्षीचे काय होते, हे घरीच करून पाहता येते. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीसमोर धरा, भिंत सपाट दिसेल. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड वरच्या दिशेने सोडा. रंगाचा प्रत्येक ओघळ, गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट उठून येईल. फोकसवाल्याचे सगळे कसब या कोनात आहे. शिवाय दिवसा ऊन वरून येते आणि सावल्या खाली पडतात, रात्री झोत खालून येतो आणि सावल्या वर चढतात. म्हणजे तीच कमान रात्री वेगळी होते. रात्रीची इमारत ही दिवसाच्या इमारतीची प्रत नव्हे, ती नव्याने रचावी लागते.

हा विचार तत्त्व म्हणून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आणला तो रायनने, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात. कडांवरच्या बल्बांच्या ओळी त्याने बाद केल्या. त्या डोळ्यांत खुपतात आणि वास्तू झाकतात, अशी त्याची धारणा होती. दिवे खांबांमागे, पताकांमागे, झुडपांमागे गेले. ४३५ फुटांच्या ‘रत्नांच्या मनोऱ्या’वर कापीव काचेचे एक लाखाहून अधिक तुकडे टांगले होते. ते वाऱ्याने हलत आणि त्यांच्यात दिवा नव्हता. दुरून आलेला झोत त्यांच्यावर पडून चमके.

तंत्र तयार झाले होते. त्याला सबंध शहरभर पसरवले ते एका कायद्याने. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल इमारत उभी राहिली. अडतीस मजले, रस्त्याच्या कडेपासून सरळ वर. शेजारचे रस्ते आणि खिडक्या तिच्या सावलीत गेल्या आणि लोकांनी हाकाटी केली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने नियम केला, की ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकायचे, पुन्हा वर गेल्यावर पुन्हा मागे. मनोरा कितीही उंच न्या, पण भूखंडाच्या पाव भागावर. नियम दिवसाच्या उन्हासाठी होता, पण त्याने रात्रीचेही काम केले. प्रत्येक माघारीवर एक पायरी तयार झाली आणि पायरीच्या कठड्याआड फोकस लपवायला आयती जागा मिळाली. रस्त्यावरून दिवा दिसत नाही, त्याच्या वरची भिंत तेवढी उजळते. ह्यू फेरिस या चित्रकाराने कोळशाच्या कांडीने या भावी इमारती रेखाटल्या. काळोखातून पर्वतासारखे वर येणारे, खालून उजळलेले ते आकार पाहून एका पिढीच्या वास्तुकारांनी रात्र डोळ्यांपुढे ठेवायला सुरुवात केली.

त्यातला सर्वांत धीट प्रयोग रेमंड हूडचा. १९२४ मध्ये ब्रायंट पार्कसमोर बांधलेल्या अमेरिकन रेडिएटर इमारतीला त्याने काळ्या विटा वापरल्या. फिकट भिंतीवर खिडक्या काळ्या भोकांसारख्या दिसतात, काळ्या भिंतीत त्या मिसळून जातात, हे त्याचे कारण. माथ्याला सोनेरी मुलामा दिला. रात्री झोत सोडला, की काळी वीट उजेड पिऊन टाकी आणि सोनेरी शिखर निखाऱ्यासारखे पेटे. घरे उबदार ठेवणारे रेडिएटर विकणाऱ्या कंपनीला याहून चांगली खूण कोणती? चित्रकार जॉर्जिया ओ’कीफने १९२७ मध्ये या इमारतीचे चित्र काढले, तेही रात्रीचेच. तिकडे शिकागोत च्युइंगगमवाल्या रिग्लीच्या इमारतीने उलटी वाट धरली. फरशांच्या सहा छटा करून त्या वर जाताना अधिकाधिक पांढऱ्या होत जातील अशा बसवल्या. एकाने अंधार जपला, दुसऱ्याने उजेड चढता ठेवला. दिवे दोघांनीही लपवले.

मग युद्ध आले. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्या फिरत होत्या आणि शहराच्या उजेडासमोरून जाणारी मालवाहू जहाजे त्यांना स्पष्ट दिसत. शहराला दिवे मंद करावे लागले. ज्या उजेडाचा अभिमान होता, तो खलाशांच्या जिवावर उठला होता.

युद्धानंतर दिवे परतले, पण भिंतच उरली नाही. न्यूयॉर्कमधली १९५८ ची सीग्रॅम इमारत काचेची आहे. काचेवर फोकस टाकला, तर तो आरपार जातो किंवा भलतीकडे परततो. रिचर्ड केली या प्रकाशरचनाकाराने उपाय केला तो असा: खिडक्यांलगतची छतेच प्रकाशमान केली आणि इमारत आतून उजळली. कंदिलासारखी. इथेही काच पेटलेली दिसते, दिवा नाही. आज जगभर काचेचे मनोरे रात्री आतून तेवतात, त्यांचा पूर्वज हा.

जुन्या दगडी मनोऱ्यांचे पुनरुज्जीवन न्यूयॉर्कच्याच एम्पायर स्टेट इमारतीने केले. १९६४ मध्ये तिच्या वरच्या तीस मजल्यांवर फोकस लागले, १९७३ च्या तेलटंचाईत ते विझले आणि १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीला, डग्लस ली या प्रकाशरचनाकाराच्या कल्पनेने लाल, पांढरा, निळा रंग आला. तेव्हापासून रंगाची प्रथा पडली. रंगीत काचा माणसे हाताने बदलत, त्यात तासन्‌तास जात. २०१२ मध्ये एलईडी आले आणि रंग क्षणात बदलू लागले. अलीकडे दिवाळीला ही इमारत केशरी होते आणि न्यू जर्सीतली मराठी घरे त्या केशरी माथ्याचे फोटो मुंबई-पुण्याला पाठवतात.

एलईडीने एक उलटफेर मात्र केला. हा दिवा बारीक, स्वस्त, पट्टीत मावणारा. म्हणून लपवण्याची गरजच संपली असे वाटू लागले. परळ-वरळीत गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या कडांवरून प्रकाशाच्या पट्ट्या वरपर्यंत धावतात. माळ परत आली आहे. मला माळेचे वावडे नाही. मरीन ड्राइव्हचा ‘राणीचा हार’ ही माळच आहे आणि २०१५ मध्ये तिचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले, तेव्हा मुंबईकरांचे मन खट्टू झाले ते प्रेमापोटीच. पुढे पिवळसर उजेड परत आला. पण दीपमाळ वर्षातून ठरावीक तिथींना पेटते, इतर रात्री तिचा दगड काळोखात विसावतो. झाडांच्या खोडांना माळा गुंडाळून त्या रोज रात्रभर जळत ठेवणे ही कोणत्याच कुळाची रीत नव्हे. ते प्रकरण २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, याचे मला समाधान वाटते. आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडाला स्वतःचा पिवळा-करडा रंग आहे. सणाला तिरंगा जरूर यावा, पण एरवी त्या दगडाचाच रंग दिसेल असा उबदार झोत त्याला मिळावा, असे मनापासून वाटते.

सिंगरचा मनोरा १९६८ मध्ये पाडला गेला. त्याच्या जवळच दरवर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री, पडलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या स्मरणार्थ ८८ झोतदिवे आकाशात सोडतात. तिथे उजळायला भिंत नाही, झोतच मनोरा होतो. नेमके तेच दिवस पक्ष्यांच्या स्थलांतराचे. दक्षिणेकडे निघालेले पक्षी त्या उजेडात अडकतात आणि ओरडत गोल गोल फिरत राहतात. अभ्यासकांनी सात वर्षांतल्या सात रात्रींची गणती केली, तेव्हा अकरा लाख पक्ष्यांवर या झोतांचा परिणाम झाल्याचे दिसले. म्हणून तिथे माणसे रात्रभर मान वर करून पक्षी मोजत बसतात. झोतात हजाराच्या वर पक्षी जमले, की दिवे सुमारे वीस मिनिटे बंद करतात. काही मिनिटांत घिरट्या थांबतात, थवा सुटा होतो आणि आपल्या वाटेने दक्षिणेकडे निघून जातो. मग कोणीतरी पुन्हा खटका दाबतो.