कर्नल-प्राचलांची जुळणी, संदेशन प्रणालींसाठी

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. स्मृती, प्रक्रिया व जोडण्या यांच्या वापरावर कर्नलने घातलेल्या मर्यादा कामाच्या भारानुसार ठरविण्याच्या क्रियेला ही संज्ञा आहे. पलीकडचे यंत्र बंद असले, तरी पाठविलेला संदेश रांगेत सुरक्षित राहावा व नेमका एकदाच पोहोचावा, अशी हमी मोठ्या संस्थांतील संदेशन प्रणाली देतात. ती पाळण्याची त्यांची क्षमता पुष्कळ अंशी या मर्यादांवर अवलंबून असते.

यूनिक्स ही प्रणाली बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मली. सामायिक स्मृती, सेमाफोर व संदेश-रांगा ही तीन साधने प्रथम बेलच्या कोलंबस येथील यूनिक्समध्ये आली आणि १९८३ च्या ‘सिस्टिम फाइव्ह’मुळे सर्वत्र पसरली. त्या काळी स्मृती महाग असल्याने मर्यादा तोकड्या ठेवल्या गेल्या. पुढे स्मृती स्वस्त झाली, आकडे मात्र तेच राहिले. आयबीएमने १९९३ मध्ये ‘एमक्यू सिरीज’ बाजारात आणली. तिच्या लिनक्सवरील नंतरच्या आवृत्त्यांसाठी सामायिक स्मृतीच्या एका खंडास २५६ मेगाबाइटांची मर्यादा सुचविली जाई, तर लिनक्सचे मूळ मूल्य केवळ ३२ मेगाबाइट होते. २०१४ मध्ये लिनक्सने हा निर्बंध जवळजवळ काढूनच टाकला. मर्यादा अपुरी पडली की यंत्र बिघडत नाही, स्मृती रिकामी असूनही ते मागणी नाकारते. म्हणूनच हा दोष शोधणे अवघड जाते.

भारतीय बँकांसाठी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने २००१ मध्ये एसएफएमएस ही संदेशन प्रणाली सुरू केली. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस सेवा २००४ मध्ये व एनईएफटी २००५ मध्ये आली. बालाघाटच्या डोंगरांतील धारूरसारख्या (जि. बीड) तालुक्याच्या गावाहून एनईएफटीने पाठविलेली रक्कमही अखेर अशा संदेशाच्या रूपानेच जाते. दोन यंत्रांमधील दुवा अवचित तुटल्यास स्वस्थ बसलेल्या यंत्राला ते लगेच कळत नाही. लिनक्सच्या मूळ मूल्यानुसार ७,२०० सेकंदांच्या शांततेनंतरच पहिली विचारणा होते. संदेशन प्रणालीची स्वतंत्र तपासणी नसेल, तर मृत जोडणी तोवर जागा अडवून बसते. संदेश हरवत नाही, पण अडकतो. आणि बियाण्याचे पैसे धाडणाऱ्याला हा भेद फारसा दिलासा देत नाही. एमक्यूसाठी म्हणूनच हे मूल्य ३०० सेकंद ठेवावे, अशी शिफारस आहे.

जुन्या यूनिक्स यंत्रांवर अशा अनेक बदलांसाठी यंत्र नव्याने सुरू करावे लागे. बँकांना त्यासाठी रात्री व रविवार मोकळे मिळत. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी व १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाल्याने ही सवड संपली. लिनक्समध्ये बहुतेक मूल्ये चालू यंत्रावरच बदलता येतात. तथापि उघड्या फाइलींची प्रक्रियागत मर्यादा (एमक्यूसाठी किमान १०,२४०) वाढविल्यास ती सामान्यतः नव्याने सुरू होणाऱ्या प्रक्रियेलाच लागू होते. त्यामुळे भार जोडयंत्रावर वळवून रांग-व्यवस्थापक पुन्हा सुरू करावा लागतो.